ऐरोलीच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत. कुठे चुकलो?

दुर्बीण_उधारीची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी आम्ही डोंबिवलीहून ऐरोलीला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, बोटीची फेरी, हजारो गुलाबी पक्षी. शाळेच्या गटावर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता आणि मुलीने तो इतक्या वेळा बघितला की शेवटी मीच कंटाळून म्हटलं, चल, खरेच बघून येऊ. साहेबांकडून दुर्बीण उधार आणली, त्यावरून हा आयडी.

दुपारी बाराची बोट मिळाली. खाडी काठोकाठ भरलेली, पाणी तिवरांच्या फांद्यांना टेकलेलं. तासभर फिरलो. काय दिसलं? बांबूच्या खुंटांवर पंख वाळत घातलेले पाणकावळे, चार-पाच घारी, आणि एक बगळा, जो आमच्या सोसायटीमागच्या नाल्यातही असतो. रोहित शून्य. परतताना दूर, फार दूर आठ-दहा ठिपक्यांची रांग उडत गेली. बोटीवरचा माणूस म्हणाला "ते बघा", तेवढंच. मुलीने विचारलं, "बाबा, ते गुलाबी होते का?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर काळे दिसत होते.

आईला माहिती केंद्र आणि कांदळवनातली पायवाट मात्र फार आवडली. चिखलातले खेकडे बघत ती अर्धा तास उभी होती.

प्रश्न असे. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम ना? मग पक्षी होते कुठे? पुन्हा जायचं तर कधी? का शिवडी किंवा भांडुपला जावं? आणि दुर्बीण विकत घ्यायची तर कोणती? साहेब परत मागायच्या आत सांगा.

लोणचं_मुरलेलं

पैसे देऊन डास चावून घेतलेत. अभिनंदन. आता इतर मान्यवर या.

कांचनताई

वाचतेय. आम्हालाही जायचंय, सासूबाईंचे गुडघे दुखतात. बोटीत चढायला जमेल का? स्वच्छतागृह आहे का?

खाडीवाला

भाऊ, चुकलात ते दिवसाला नाही, पाण्याला. तुम्ही गेलात तो रविवार पौर्णिमेच्या तोंडावरचा. पौर्णिमा-अमावस्येला आमच्या खाडीत दुपारी बाराच्या आगेमागे पुरती भरती असते, आणि तीही उधाणाची. चिखलाची बोटभर पट्टीसुद्धा उघडी राहत नाही. रोहित बदकासारखा पाण्यावर बसून खात नाही, त्याला पाय टेकायला आणि चोच घालायला चिखल लागतो. चिखल बुडला की तो उठून जातो. तुम्ही बाराला बोटीत बसलात तेव्हा पाहुणे जेवून गेले होते आणि तुम्ही रिकामं पान बघून आलात.

माझे बाबा याच खाडीत डोल (मासेमारीचं जाळं) लावायचे. त्यांना लिहितावाचता यायचं नाही, पण भरतीची वेळ बोटांच्या पेरांवर सांगायचे. हिशेब सोपा आहे: तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनला. अष्टमीला सहाला. दशमीला साडेसातला. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा, मधे साधारण साडेबारा तास. हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा, त्यात आपल्या घड्याळाला अर्धा-पाऊण तास मिळवावा लागतो. शिवाय खाडीच्या वरच्या अंगाला पाणी बंदरापेक्षा थोडं उशिरा पोचतं. त्यामुळे मनातल्या मनात पाऊण तास धरूनच ठेवायचा. नेमकं हवं असेल तर भरतीचा तक्ता आता मोबाइलवर मिळतो. पण तक्ता बघायच्या आधी दिवस निवडायला कालनिर्णय पुरतं.

दुसरं म्हणजे उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण: पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग: धड चढत नाही, धड उतरत नाही. भांगाला चिखल थोडाच उघडतो, पण बराच वेळ उघडा राहतो.

लोणचं_मुरलेलं

खाडीवाला, हे तिथीचं गणित मला पन्नाशीत कळतंय याची लाज वाटली. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तुतवार

खाडीवाला यांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे. मी गेली बारा-तेरा वर्षं या खाडीत भटकतेय, तर त्याला थोडी जोड.

गोम अशी की बोटीला पाणी हवं आणि पक्ष्याला चिखल. पूर्ण सुकतीला (ओहोटीला) बोट निघत नाही, तळ लागतो. पूर्ण भरतीला बोट सुखाने फिरते आणि पक्षी नसतात. म्हणून हवी मधली वेळ, चढत्या पाण्याची. बोट तरंगण्याइतकं पाणी आलेलं असतं, पण काठाने चिखलाचा पट्टा अजून उरलेला असतो, आणि तो आक्रसत चालल्यामुळे सगळी मंडळी त्याच पट्ट्यावर गोळा होतात. पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी पाण्यात असाल तर उत्तम. उतरत्या पाण्यातही चालतं, पण मग बोट परतायची घाई करते आणि ते बरोबरच आहे, चिखलात रुतलेली बोट पुढची भरती येईपर्यंत हलत नाही. मी एकदा पाच तास बसलेय. डबा नव्हता.

बोट कधी सोडायची हे केंद्रवाले पाण्यावरच ठरवतात, त्यामुळे रोजची वेळ बदलते. म्हणून "किती वाजता बोट आहे" असं विचारू नका, "त्या दिवशी भरती किती वाजता आहे आणि तिच्या आधीची पहिली बोट कुठली" असं विचारा. निघण्याआधी फोन करून खात्री करा.

आता उन्हाचं. हे कुणी सांगत नाही. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे, तुम्ही बघणार पश्चिमेकडे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, पक्ष्यांच्या अंगावर ऊन, गुलाबी रंग असा उजळतो की डोळ्यांत मावत नाही. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि मग जगातला सगळ्यात गुलाबी पक्षीही काळा दिसतो. तुमच्या मुलीची शंका रास्तच होती! शिवडी आणि भांडुप पश्चिम काठावर, तिथे उलटं: दुपारनंतर चांगलं. भांडुपच्या उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) बाजूला पाणथळ आणि मिठागरं आहेत, जागा सुंदर, पण आत जायची परवानगी दर वेळी मिळतेच असं नाही. शिवडीला १९९०च्या दशकापासून लोक जेट्टीवर उभे राहून रोहित बघत आले. आता तिथूनच अटल सेतू निघतो, जानेवारी २०२४ पासून वाहतूक सुरू आहे. पुलाच्या कामाच्या वर्षांत पक्षी बरेच आत सरकले. जुनी शिवडी डोक्यात ठेवून जाऊ नका.

तर सकाळी साडेआठच्या सुमाराला चढतं पाणी हवं असेल तर भरती अकरा-सव्वाअकराला हवी. खाडीवाल्यांच्या हिशेबाने चतुर्दशी: चौदाची पाऊणपट साडेदहा, वर पाऊण तास. मी कॅलेंडर बघितलं, तीन आठवड्यांनी रविवारी शुद्ध चतुर्दशी आहे.

दुर्बीण ८×४२ घ्या. जास्त पटीची घेऊ नका, बोटीत हात हलतो आणि चित्र नाचतं.

कांचनताई, केंद्रावर स्वच्छतागृह आहे, बोटीवर नाही. बोटीत चढताना पाण्याच्या पातळीप्रमाणे पाऊल कमी-जास्त खाली टाकावं लागतं, पाणी भरलेलं असेल तर सोपं. हाताला धरायला माणसं असतात. तरी भीती वाटली तर पायवाटेवर बसवा, तिथेही बघायला पुष्कळ आहे.

परसातला_कावळा

रच्याकने (बाय द वे), हे रोहित की अग्निपंख? शाळेत आम्हाला अग्निपंख शिकवलं होतं.

तुतवार

दोन्ही चालतं. रोहित म्हणजे तांबडा. अग्निपंख नाव पडलं ते उडताना उघडणाऱ्या पंखांवरून: बसलेला असताना पक्षी फिकट, पण पंख उघडले की आतून लालभडक आणि कडेला काळी किनार.

खाडीत दोन जातींचे येतात. मोठा रोहित आणि धाकटा रोहित. गंमत अशी की रंगाने जास्त गुलाबी तो धाकटा. मोठा सव्वाचार-साडेचार फुटांचा, अंगाने जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. धाकटा तीन फुटांच्या आतबाहेर, चोच गडद, लांबून काळीच वाटते. ठाण्याच्या खाडीतल्या मोठ्या थव्यांत भरणा धाकट्यांचा. मधे मधे राखाडी, मळकट दिसणारे दिसले तर ते आजारी नाहीत, ती वयात न आलेली पिल्लं.

रसायनी

तो गुलाबी रंग कुठून येतो हे कुणी लिहिलं नाही म्हणून. जन्मतः रोहित गुलाबी नसतो. धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ खातो. त्या शेवाळातली कॅरोटिनॉइड द्रव्यं यकृतात रूपांतर होऊन पिसांत उतरतात. मोठा रोहित त्याशिवाय बारीक कोळंबीसारखे जीव, शिंपल्यातले जीव, किड्यांच्या अळ्या असंही खातो. दोघांची खायची तऱ्हा एकच: मान खाली घालून चोच उलटी पाण्यात, जीभ पंपासारखी मागेपुढे, आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक चाळणीतून पाणी बाहेर. धाकट्याची चाळणी जास्त बारीक. म्हणून दोघं शेजारी शेजारी चरतात आणि फारशी मारामारी होत नाही.

आता कडू भाग. हे शेवाळ इथे इतकं का वाढतं? खाडीच्या दोन्ही काठांवरची शहरं. आपलं सांडपाणी खाडीत जातं, त्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाचं खत. ऐरोलीच्या बोटीत नाकाला रुमाल लावून "अय्या किती सुंदर" म्हणणाऱ्यांनी त्या वासाचा आणि त्या रंगाचा संबंध लक्षात घ्यावा. मी याला चांगलं म्हणत नाही. याच पाण्यात कारखान्यांचं काय काय मिसळतं ते वेगळं, आणि ते पक्ष्याच्या अंगात साठत जातं.

लोणचं_मुरलेलं

म्हणजे मी रोज सकाळी जे करतो त्यावर ते गुलाबी होतात. आयुष्य सार्थकी लागलं.

कांचनताई

ईऽऽऽ. चहा पीत होते मी.

सीमोल्लंघन

इंग्लंडहून लिहितोय. खाडीवाल्यांचा हिशेब वाचून फार मौज वाटली, कारण इथेही पक्षीनिरीक्षक आधी भरती बघतात, मग घड्याळ. माझ्या घरापासून दोन तासांवर नॉरफोकच्या किनाऱ्यावर स्नेटिशॅम नावाचं राखीव क्षेत्र आहे, वॉश या उथळ आखाताच्या काठावर. तिथे उधाणाच्या भरतीला चिखल पुरता बुडतो आणि नॉट नावाच्या मुठीएवढ्या पक्ष्यांचे हजारोंचे थवे एकदम उठून धुरासारखे वळतात आणि मागच्या तळ्यांकाठी जाऊन दाटीवाटीने बसतात. क्षेत्राची देखरेख करणारी संस्था उधाणाच्या तारखाच छापून देते. पहिल्या वर्षी मी भांगाला गेलो होतो. तीन तास थंडीत उभा, समोर दोन मैल चिखल, पक्षी क्षितिजावर. दुर्बीण_उधारीची, तुमचं दुःख मला कळतं.

पण तुमच्याकडे पूर्ण भरतीला पक्षी जातात कुठे? इथे तळी आहेत, तिथे?

तुतवार

सीमोल्लंघन, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

भरतीला जातात ते काठामागच्या पाणथळ जागांवर: मिठागरं, भांडुपचा परिसर, नेरुळ-सीवूड्सकडची तळी, उरणकडची पाणथळं. तिथे पाणी घोट्या-गुडघ्याएवढंच राहतं म्हणून तासन्‌तास उभे राहून विश्रांती घेता येते. आणि बरोबर याच जागांवर भराव पडतात. अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र १६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेली, तिथे भोवतालच्या पट्ट्यासकट ६५२१ हेक्टर धरले आहेत. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं. पण पक्ष्याला सीमेचे खांब कळत नाहीत. त्याचं ताट अभयारण्यात आणि बिछाना बाहेर. नुसतं ताट राखून चालत नाही.

परसातला_कावळा

विकास नकोच का मग? माणसांनी राहायचं कुठे? माझं घर नवी मुंबईतच आहे, भरावावरच असेल.

तुतवार

माझंही. म्हणूनच बोलतेय.

रात्रपाळी

मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री विमानाला धडकून ३९ रोहित मेले ते आमच्या वस्तीच्या बाजूलाच. मी कामावरून येत होतो. आधी वाटलं कुणीतरी गादी फाडून फेकलीय, रस्त्यावर पिसं. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की हे पक्षी रात्री उडतात. त्यानंतर मी पहिल्यांदा ऐरोलीला गेलो. एवढंच सांगायचं होतं.

तुतवार

होय, लांबचा प्रवास ते बहुतेक रात्रीच करतात. हंगाम सरत आला की गुजरातेकडे जातात, कच्छच्या रणात त्यांची घरट्यांची वसाहत आहे, चिखलाचे छोटे ओटे करून त्यावर अंडं घालतात. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) २०२२ साली इथल्या काही रोहितांना उपग्रहाचे टॅग लावले, ते गुजरातेत गेल्याचं त्यावरून दिसलं.

बोटीतला_मागचा

माझं एक गाऱ्हाणं. मागच्या वर्षी खाडीतच एका खासगी बोटीत होतो (कुणाची ते सोडा, नाव घेत नाही). थवा शांत चरत होता. बोटीतले चार-पाच जण ओरडायला लागले, "उडवा ना, उडवा ना, उडताना फोटो पाहिजे." नावाडी आधी नाही म्हणाला, मग कुणीतरी शंभराची नोट काढली आणि त्याने इंजिन वाढवून बोट सरळ थव्यावर घातली. सगळे उठले. फोटो खरंच अप्रतिम आले, ते मीही काढले, आता खोटं कशाला बोलू. पण नंतर त्या गटावर ते फोटो "निसर्गाचा चमत्कार" म्हणून फिरले तेव्हा पोटात कसंतरी झालं.

खाडीवाला

नावाड्यावर राग धरू नका. दिवसाला दोन खेपा मिळतात, त्याही पाणी देईल तेव्हा. मासळी पूर्वीची राहिली नाही. पण नोट काढणाऱ्याला बोटीतल्या दुसऱ्या कुणी "बस" म्हटलं तर तो नावाडी मनातून खूश होईल. चरणारा पक्षी उडवला की त्याची भरतीच्या आधीची ती घटका फुकट गेली. पुढचा चिखल सहा तासांनी.

बोटीतला_मागचा

मान्य. मीही "बस" म्हटलं नाही.

चोडणकार

धागा ठाण्याचा आहे पण गोव्याचं थोडं अवांतर चालेल का? आमच्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की धक्क्याजवळच. एकूण १७८ हेक्टर, मांडवीच्या काठचं सगळं कांदळवन. थवे बघायला येणाऱ्यांची निराशा होते, कारण इथे हजारोंनी काही नाही. इथलं सुख वेगळं: छोट्या होडीने चिंचोळ्या पाण्यातून जायचं, दोन्हीकडे मुळं, आणि निवट्या चिखलावर उड्या मारताहेत. मासा असून चालतो, कातडीतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून श्वास घेतो. खंड्यांच्या जाती मोजा. आणि गप्प बसा. गप्प बसलात तर दिसेल.

तुतवार

चोडणकार, अवांतर नाहीच. ऐरोलीलाही मी लोकांना हेच सांगते, रोहित दिसल्यावर दुर्बीण जरा खाली करा. त्यांच्या पायांशी जे चाललेलं असतं ते कुणी बघत नाही. लाल लांब पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, शिवणयंत्रासारखी चोच मारणारे पाणटिवळे, आणि तुतवार (होय, मी). यातले कितीतरी मध्य आशिया, सैबेरियातून आलेले. मूठभर वजनाचा पक्षी. रोहित तसा शेजारचाच, गुजरातचा पाहुणा. पण गुलाबी नाही म्हणून त्या बिचाऱ्या लहानग्यांना कुणी विचारत नाही.

कांचनताई

आम्ही जाऊन आलो! मधल्या वारी, दशमीला. दुपारी दीडच्या सुमारास पाणी पार उतरलेलं, बोट नव्हतीच, ते माहीत असूनच गेलो. सासूबाईंना पायवाटेवर खुर्ची मिळाली (तिथल्या एका मुलाने आणून दिली, देव त्याचं भलं करो). सासूबाई मूळच्या केळव्याच्या. त्यांनी मला तिवर, चिपी, मारांडी अशी तिथल्या झाडांची नावं सांगितली. एकच आडदांड नांगी असलेला खेकडा बघून म्हणाल्या, तुझा सासरा असाच एका हाताने जेवायचा आणि दुसऱ्याने आम्हाला दटावायचा. पांढरी चिपी आपल्या राज्याचं कांदळवृक्ष आहे हे फलकावर वाचलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे तर कुणी विचारत नव्हतं तिला.

दुर्बीण_उधारीची

मंडळी, वृत्तांत.

काल रविवारी, चतुर्दशीला गेलो. आदल्या दिवशी फोन केला, तुतवार यांनी सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. पलीकडचा माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तुम्ही आधी येऊन गेलात वाटतं." भरती सव्वाअकराच्या सुमारास, पहिली बोट साडेआठला. पहाटे सहाला घरून निघालो. आई म्हणाली, लग्नालासुद्धा इतक्या लवकर कधी निघाला नाहीस.

बोट सुटली तेव्हा पाणी निम्म्यावर होतं. मागच्या वेळी जिथे नुसतं पाणी होतं तिथे करडा चिखल, चकचकीत, ऊन पाठीवर. दहा मिनिटं काही नाही. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग वळणावर आधी आवाज आला. मला वाटलं दूर कुठेतरी बदकांचा बाजार भरलाय, सगळी एकदम कुजबुजताहेत. कुणीतरी व्हिडिओत आवाज का ठेवत नाही? आणि मग ते दिसले. मी मोजायचा प्रयत्न केला नाही. चिखलाच्या कडेने गुलाबी पट्टा, आणि तो स्थिर नव्हता, आख्खा पट्टा पाण्याच्या पुढे पुढे पावलापावलाने सरकत होता. पाणी चढेल तसे मागे सरायचे, सगळे एका तालात, माना खाली. नाचगाणी बसवतात तसं काहीसं.

नावाड्याने इंजिन बंद करून बोट तशीच सोडली. एकाने पाठीमागून "जरा जवळ घ्या की" म्हटलं. मी "बस, इथूनच बघू" म्हणालो. छाती धडधडत होती, उगाच. तो माणूस काही बोलला नाही. बोटीतला_मागचा, हे तुमच्यासाठी.

मोठे रोहित सहा दिसले, धाकट्यांच्या मधे उंट उभे राहावेत तसे. उचाटे दिसले, ती वर वळलेली चोच बघून मुलगी म्हणाली, "ही उलटी लावलीय." एका खुंटावर ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) बसला होता, पायाखाली मासा, शेपटी अजून हलत होती. पाणटिवळा आणि कोरल यांत माझा गोंधळ झाला, फोटो टाकतो, सांगा. (कोरलची चोच खाली वळते ना?) आई दुर्बिणीतून फक्त निवट्या बघत होती. तिला रोहित दाखवायला गेलो तर म्हणाली, "ते दिसतात मला नुसत्या डोळ्यांनी. हे नाही दिसत."

सव्वादहाला पट्टा संपत आला. आधी कडेचे आठ-दहा उडाले, मग सगळे. कुणी उडवलं नाही, पाण्याने उडवलं. पंख उघडले तेव्हा कळलं अग्निपंख का म्हणतात. पूर्वेला गेले, आमच्या डोक्यावरून, नेरुळच्या बाजूला असावेत. नंतरचा पाऊण तास पुन्हा तेच: पाणकावळे, घारी. अकराच्या बोटीसाठी धक्क्यावर रांग लागली होती. एका बाईंनी विचारलं, दिसले का? मी काय सांगणार. म्हटलं, आता पायवाटेवर जा, खेकडे सुंदर आहेत.

दुर्बीण साहेबांना परत केली. ८×४२ मागवली आहे.

तुतवार

फोटो बघितला. चोच खाली वळलेली, तपकिरी, मोठा: कोरल. बरोबर ओळखलंत. शेजारचा सरळ चोचीचा पाणटिवळा. मुलीचं "उलटी लावलीय" मी चोरणार आहे.

सीमोल्लंघन

सुरेख. "पाण्याने उडवलं" हे अगदी नेमकं.

लोणचं_मुरलेलं

डास?

दुर्बीण_उधारीची

होते. भरपूर.

आता पुढचं. आक्षीच्या किनाऱ्यावर कुरव, सुरय आणि चिखल्यांचे थवे असतात असं ऐकलंय. शिवाय जुन्या मराठी शिलालेखांत ज्याचं नाव घेतात तो तिथेच आहे, बायकोला तो बघायचाय, म्हणजे ती यायला तयार. येत्या रविवारी वद्य षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे भरती साडेचारला, त्याच्या अडीच तास आधी दुपारी दोनला किनाऱ्यावर. बरोबर ना खाडीवाला?

खाडीवाला

पाऊण तास विसरलात. सव्वापाच धरा.

तुतवार

आणि ऊन विसरलात. आक्षीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी गेलात तर सूर्य समोर, सगळे पक्षी पुन्हा काळे.

खाडीवाला

मग पहाटेची भरती घ्या. पहाटे पाचच्या आधी पुरती, आठला पाणी अर्धं उतरलेलं, ओली वाळू उघडी, ऊन पाठीशी.

दुर्बीण_उधारीची

म्हणजे आठला आक्षीला असायचं तर शनिवारी रात्रीच नागावला मुक्काम करायला हवा. आईला विचारतो. तिकडे निवट्या असतात का, असं ती आधी विचारेल.